सूसमधील सहा गुंठ्यांच्या प्लॉटवरील झाडांचे काय करावे?

प्रश्न

नमस्कार. पुण्याजवळच्या सूस गावात आमचा वडिलोपार्जित सहा गुंठ्यांचा प्लॉट असून येत्या दिवाळीनंतर तेथे घर बांधायला घेण्याचा विचार आहे. प्लॉटवर आजोबांनी लावलेला आंबा, दोन कडुनिंब, नऊ इंच जाडीच्या खोडाचा एक तरणा उंबर आणि एक जुनी बाभूळ आहे. शिवाय कुंपणालगत आपोआप वाढलेल्या दहा-बारा सुबाभळी आणि काही गिरिपुष्पे आहेत. ठेकेदारांचे म्हणणे असे, की जेसीबी लावून एका दिवसात सगळे साफ करू, ओंडके जळणवाला घेऊन जाईल आणि उरलेला पालापाचोळा तिथेच पेटवून देऊ. मला हे मुळीच पटत नाही. आंबा वडील शाळेत जायला लागले त्या वर्षी लावलेला आहे, आणि वडील आता पासष्टीच्या पुढे आहेत. कोणती झाडे वाचवता येतील, कोणती हलवता येतील आणि जी काढावीच लागतील त्यांचे लाकूड व पाला त्याच घरासाठी कसा वापरता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (वास्तुरचनाकार, कोथरूड)

सर्वप्रथम ठेकेदारांना लेखी कळवा, की परवानगी हातात येईपर्यंत एकाही झाडाला हात लावायचा नाही. सूस २०२१ साली पुणे महापालिकेत आले, त्यामुळे तेथे १९७५ चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू होतो. जमीन आपल्या मालकीची असली, तरी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. अर्ज उद्यान विभागाकडे करावा लागतो. २०२१ च्या दुरुस्तीनुसार ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाचे झाड वारसा वृक्ष मानले जाते, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची तरतूदही त्याच दुरुस्तीने आली. आपण सांगता त्या हिशेबाने आपला आंबा वारसा वृक्षच ठरेल, म्हणून त्याला धरूनच आराखडा करावा.

माझा अनुभव असा, की निम्मी झाडे कागदावरच वाचतात. प्लॉटची मोजणी करताना प्रत्येक झाडाची जागा, खोडाचा घेर आणि पानोऱ्याचा, म्हणजे फांद्या-पानांचा, विस्तार नकाशावर काढून घ्या, आणि मगच घराची जागा ठरवा. बहुतेक वेळा पार्किंग किंवा पाण्याची टाकी आठ-दहा फूट सरकवली, की एखादे मोठे झाड सुटते. पश्चिमेचे झाड तर आवर्जून ठेवा, कारण एप्रिल-मे महिन्यांतील दुपारचे ऊन भिंतीवर येण्याआधीच ते अडवते.

उत्तर २ (रोपवाटिकाचालक, मुळशी)

हलवण्याजोगे झाड आपल्याकडे एकच दिसते, ते म्हणजे उंबर. वड, पिंपळ, उंबर ही एकाच कुळातील झाडे मुळे तोडलेली बऱ्यापैकी सोसतात. आंबा आणि बाभूळ त्या वयात हलवू नयेत. पैसा जातो आणि झाडही जाते. कडुनिंब जागेवर ठेवता आला तर उत्तम.

उंबराची तयारी परवानगी मिळताच सुरू करा. खोडाच्या जाडीच्या नऊ-दहा पट रुंदीचा, म्हणजे येथे सुमारे सात फुटांचा, मुळांचा गड्डा धरायचा असतो. त्याभोवती आधी अर्धाच चर खणून मुळे धारदार हत्याराने कापा आणि चरात माती व शेणखत भरा. महिना-दीड महिन्याने उरलेला अर्धा भाग करा. या काळात चरातील खतमातीत नवी तंतुमुळे फुटतात, आणि हलवल्यावर झाड त्यांच्याच जोरावर उभे राहते. पहिले दोन चांगले पाऊस झाले, की गड्डा गोणपाटात बांधून क्रेनने उचला. माती धरून त्याचे वजन चार-पाच टन भरेल, तेव्हा नवा खड्डा आधीच तयार असू द्या, आणि झाडाची उत्तरेकडची बाजू खुणेने लक्षात ठेवून पुन्हा उत्तरेकडेच ठेवा. पुढील दोन उन्हाळे पाणी चुकवायचे नाही. झाडे मरतात ती बहुधा याच काळातील दुर्लक्षामुळे.

जागेवर राहणाऱ्या झाडांचीही काळजी हवी. पाणी आणि अन्न शोषणारी मुळे बहुतांशी वरच्या दीड-दोन फुटांतच पसरलेली असतात. तेथे डबर, विटा, सिमेंट रचले किंवा पायाची माती बुंध्याशी टाकली, तर झाड लगेच वाळत नाही, दोन-तीन वर्षांनी वाळते आणि तोवर कारण कोणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून पानोऱ्याच्या कडेने पत्र्याचे कुंपण घाला.

उत्तर ३ (सुतारकाम व्यावसायिक, भवानी पेठ)

टिंबर मार्केटजवळ आमचे काम आहे. बाभळीची परवानगी मिळाली, तर तिचा गाभा चौकटी, उंबरठे आणि बाकांसाठी फार मजबूत ठरतो; तिला जळणात घालू नका. ओंडके लांब ठेवून कापा, टोकांना त्याच दिवशी जुना ऑइलपेंट लावा, नाहीतर चिरा पडतात. फळ्या काढल्यावर मध्ये पट्ट्या घालून सावलीत रचा. इंचाला एक वर्ष हा सुकवण्याचा ढोबळ हिशेब आहे. म्हणून चौकटींची घाई करू नका, बाक आणि फडताळे नंतर करा. घुण लागू नये म्हणून टाकणखार आणि बोरिक आम्लाचे द्रावण लावता येते, पण पावसात ते धुऊन जाते, त्यामुळे फक्त घरातील वस्तूंना लावावे. लाकूड प्लॉटबाहेर आरायंत्रावर नेण्याआधी वन विभागाकडे वाहतूक परवान्याची चौकशी करा.

सुबाभळीचे सरळ सोट साल काढून मांडवाला आणि कुंपणाला चालतात. बुंधा मात्र मुळासकट काढा, कारण ती तोडल्यावर पुन्हा फुटते. शेंगा पिकण्याआधी काढलीत तर उत्तम. गिरिपुष्पाचा पाला नत्राने समृद्ध असतो, तो थेट कंपोस्टमध्ये घाला. बारीक फांद्यांचे तुकडे करून तीन-चार इंचांचे आच्छादन राखलेल्या झाडांखाली पसरा, बुंध्यापासून वीतभर अंतर सोडून. हे तुकडे मातीत मिसळू नका, कुजताना ते जमिनीतील नत्र ओढून घेतात. पाला पेटवू मात्र कोणालाही देऊ नका.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आज वडिलांना बरोबर घेऊन प्लॉटवर गेलो आणि दोरी धरून सगळी झाडे कागदावर मांडली. गाडीची जागा उत्तरेकडे घेतली, तर आंबा आणि पश्चिमेचा कडुनिंब दोन्ही राहतात. दुसरा कडुनिंब नेमका पायाच्या रेषेत येतो, त्यासाठी जिना फिरवता येईल का, हे वास्तुरचनाकारांना विचारणार आहे. बाभळीचा आणि उंबर हलवण्याचा अर्ज सुबाभळींबरोबरच देतो. परवानगी हातात आली, की उंबराचा पहिला अर्धा चर खणायला घेऊ.