मदत हवी आहे: सड्यावरच्या वाटेच्या खुणा पावसाळ्यात टिकत नाहीत

नमस्कार मंडळी. आमचा ट्रेकिंग ग्रुप गावखडी ते आंबोळगड ही किनाऱ्यालगतची पायवाट सांभाळतो. उतारावरची घाणेरी, रानमोडी कोयत्याने निघते, त्याचं काही नाही. अडतंय ते कशेळीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर. नुसता कातळ, पावसात वर गवत. नवखा माणूस हमखास चुकतो.

ऑइलपेंटचे बाण काढून झाले. मे महिन्यात ठळक, गणपतीत जाऊन बघावं तर निम्म्यांचे पोपडे सुटलेले, उरलेल्यांवर काळं शेवाळ. जांभा सच्छिद्र, ओल धरून ठेवतो, म्हणून रंग खालूनच सुटत असावा. दगडांच्या लगोऱ्या रचल्या, त्या कुणाच्या तरी गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात गेल्या (चांगला दगड कोण सोडतो?). बांबूला कातळात खड्डा होत नाही; दगडांत आवळून उभे केले तर गुरं अंग घासून पाडतात.

सिमेंट, ड्रिल सुचवू नका. जमीन खाजगी आहे, काढून टाकता येईल असंच काही करा म्हणून मालकांनी बजावलंय. शिवाय जवळ हत्तीचं कातळशिल्प आहे. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, त्यामुळे त्या टप्प्यात रंगसुद्धा नको. जीपीएस ट्रॅक आहे, पण सगळेच मोबाईल बघत चालत नाहीत.

जांभ्यावर निदान दोन पावसाळे टिकलेला रंग कुणी वापरलाय का? आधी अस्तर कुठलं मारलंत, कोणत्या महिन्यात? आणि शिल्पाजवळ, न खणता उभी राहील आणि गुरांच्या धक्क्याने पडणार नाही अशी खूण कशी करायची?