जुनं स्टार ट्रेक, नवं स्टार ट्रेक (फॅमिली ग्रुप)

काका: डिस्कव्हरी या नव्या स्टार ट्रेक अंतराळ-मालिकेचा पहिला सीझन संपवला काल. १५ एपिसोड बघून नायिका बर्नहॅम सोडली तर ब्रिजवर, म्हणजे यानाच्या कंट्रोल रूममध्ये, बसलेल्यांची नावंसुद्धा लक्षात राहिली नाहीत, आणि ते परग्रहावरचे क्लिंगॉन तर ओळखूच येत नाहीत. मला हे स्टार ट्रेक वाटतच नाही

ताई: काका, साठच्या दशकातल्या पहिल्या स्टार ट्रेक मालिकेत क्लिंगॉनांच्या कपाळावर उंचवटे होते का? ते १९७९ च्या सिनेमात आले. आधी का नव्हते त्याचं कारण सांगितलं थेट २००५ ला, एंटरप्राइज या मालिकेत. तोवर सगळ्यांनी चालवून घेतलंच की

दादा: १९८७ ला नेक्स्ट जनरेशन ही पुढची मालिका आली तेव्हापण हेच झालं होतं, पहिल्या मालिकेतला कर्क नाही स्पॉक नाही मग बघायचं कशाला. नंतरच्या डीप स्पेस नाईन मालिकेला तर लोक म्हणायचे गोष्ट अंतराळ स्टेशनवरची, ते जागचं हलत नाही, प्रवास कुठेय यात. आणि आज तीच कित्येकांची सगळ्यात आवडती

काका: मान्य. नेक्स्ट जनरेशनचे पहिले दोन सीझन कच्चेच आहेत. पण सीझनला २२-२६ एपिसोड असायचे म्हणून निवांतपणा होता रे. त्यातला 'मेझर ऑफ अ मॅन' आठव, डेटा हा यंत्रमानव स्टारफ्लीटची, म्हणजे त्यांच्या अंतराळ दलाची, मालमत्ता की स्वतःचा निर्णय घेणारा जीव, एवढ्या एका प्रश्नावर आख्खा एपिसोड, लढाई नाही काही नाही, आणि यानावरच्या रायकर या अधिकाऱ्याला स्वतःच्या मित्राविरुद्ध केस लढवावी लागते, तो डेटाचा हात काढून दाखवतो, मग स्विच दाबून त्याला बंदच करतो आणि परत जाऊन बसतो तेव्हा त्याचं तोंड बघवत नाही. आता एकच गोष्ट सीझनभर ताणायची आणि दर वेळी सगळी आकाशगंगाच धोक्यात. मला ती एवढीशी खोली हवीय, दोन माणसं वाद घालतायत

ताई: हे मात्र पटलं. डिस्कव्हरी मला आवडते, पण ब्रिजवरच्या डेटमर, ओवोसेकुन यांना एकेक एपिसोड मिळायला हवा होता असं मलाही वाटतं

ताई: पण मग स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स ही नवी स्टार ट्रेक मालिका का नाही बघत तुम्ही? सीझनला १०च एपिसोड, पण प्रत्येक गोष्ट वेगळी. दुसऱ्या सीझनचा दुसरा एपिसोड पूर्ण कोर्टातला आहे. यानावरची अधिकारी ऊना, तिच्या जनुकांत जन्माआधीच बदल केलेले असतात, फेडरेशनमध्ये, म्हणजे त्यांच्या ग्रहांच्या संघात, त्याला बंदी, आणि तिने ते लपवून नोकरी केलेली असते. तुम्ही म्हणताय तीच खोली आहे ती

काका: अस्सं? थेट तोच लावू का मग आज?

दादा: नको काका, पहिल्या सीझनचा शेवटचा आधी बघा. ऊनाला अटक तिथे होते