हिंसेने कधीच काही मिळत नाही? मग शार्पव्हिलनंतर काय करायचे होते?

अर्धविराम:
'राजकीय हिंसेने आजवर काही साधले नाही, ती करणारे सगळे खुनीच' असे निशिगंध यांनी काल लिहिले. रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय. २१ मार्च १९६० ला दक्षिण आफ्रिकेतल्या शार्पव्हिलमध्ये, काळ्या लोकांना सतत पास जवळ बाळगायला लावणाऱ्या कायद्याविरुद्ध जमलेल्या निःशस्त्र लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. ६९ जण गेले, कित्येकांना गोळ्या पाठीत लागल्या होत्या. महिन्याच्या आत काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेस या पक्षावरच बंदी आली. सभा नाही, मोर्चा नाही, मतदानाचा हक्क तर नव्हताच. १९६१ मध्ये मंडेलांनी सशस्त्र गट उभा केला, तोही विजेचे मनोरे आणि कचेऱ्या उडवायला, माणसे टाळून. हे खुनी?

निशिगंध:
'सगळे खुनी' हे रागात लिहिले, तेवढे मागे घेते. मुद्दा सोडत नाही. १९८३ मध्ये प्रिटोरियाच्या चर्च स्ट्रीटवर गाडीत बॉम्ब ठेवला तो याच गटाने. १९ माणसे गेली, त्यात दोघे बॉम्ब नेणारेच. माणसे टाळायचा नियम कुठे गेला? आणि चेनोवेथ-स्टीफन या अभ्यासकांनी १९०० ते २००६ मधल्या ३२३ चळवळी तपासल्या. अहिंसक निम्म्याहून जास्त यशस्वी, सशस्त्र जेमतेम पाव.

सह्यवारा:
आकडे राहू द्या. आधी हिंसा कशाला म्हणायचे ते ठरवा! मोर्चात एक दगड पडला की मागण्या गेल्या खड्ड्यात, सगळी चर्चा दगडाची. काच फोडणे आणि माणूस मारणे एका तराजूत घालता कसे? बस जळली तर नवी येते.

ओंजळ:
सह्यवारा, नवी बस येते हो. माझे वडील बसचालक होते. जमावाने गाडी थांबवली, 'उतर' म्हणाले आणि ते खाली पोचायच्या आत मागची सीट पेटवली. आत एक म्हातारी राहिली होती, तिला ओढून काढताना वडिलांचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. पुढे गिअर टाकायला तो हात वळेना. त्यांना कचेरीत बसवले. मागणी काय होती ते आमच्या घरात कुणालाच आठवत नाही.

सह्यवारा:
वडिलांबद्दल वाईट वाटले, मनापासून. पण एका घराच्या दुःखावरून सगळ्या चळवळींचा न्याय करायचा?

ओंजळ:
एका घराचे? प्रत्येक जळक्या बसमागे कुणाचे तरी घर असतेच. तुम्ही ते मोजत नाही एवढेच.

अर्धविराम:
गाडी बसवर अडकली, पण ओंजळताईंचे खोडता येत नाही. तरी विचारतो. गेऑर्ग एल्झर या सुताराने तीस-पस्तीस रात्री गुडघ्यांवर बसून म्युनिकच्या बिअर हॉलचा खांब पोखरला आणि ८ नोव्हेंबर १९३९ ला हिटलरसाठी बॉम्ब लावला. हिटलर १३ मिनिटे आधी निघून गेला. एल्झर चुकला असे कुणी म्हणेल?

निशिगंध:
मी नाही म्हणणार. हिटलरपुढे माझा नियम तुटतो, कबूल. पण उद्या प्रत्येक जण आपल्या विरोधकाला हिटलर म्हणेल, त्याला कोण अडवणार?

ओंजळ:
त्या स्फोटात आठ जण गेले. त्यांतली एक तिथे वाढायला असलेली बाई होती. एल्झरला मीही चूक म्हणणार नाही, पण त्याचे नाव घ्याल तेव्हा तिलाही मोजा.