मदत हवी आहे: माझी रिअॅक्शन बोरॉन चालवतोय की पाणी?

नमस्कार मंडळी,

पीएचडीचं दुसरं वर्ष. ॲसिटोफेनोन या कीटोनचं ट्रायइथिलसिलेनने हायड्रोसिलिलेशन (कार्बन-ऑक्सिजन बंधावर सिलेनचा सिलिकॉन आणि हायड्रोजन जोडणं) करतेय, उत्प्रेरक ट्रिस(पेंटाफ्लुओरोफेनिल)बोरेन, म्हणजे आपला बीसीएफ, २ मोल टक्के, टोल्युईनमध्ये. मे महिन्यात कीटोन पटकन संपायचं. आता जुलैत, त्याच बाटलीतून बीसीएफ घेतलं तर सिलेन पडल्यावर फ्लास्कच्या काचेला बारीक बुडबुडे धरतात आणि रात्रभर ढवळूनही निम्मं कीटोन जसंच्या तसं. आमच्याकडे ग्लोव्हबॉक्स (हवा-ओलावा नसलेली बंद पेटी) नाही, श्लेंक लाईनवरच (व्हॅक्यूम आणि निष्क्रिय वायूच्या नळ्यांवर) भागवतो. बाटली उघडताना बाहेर धो धो पाऊस.

रसायनशास्त्रज्ञ पायर्स यांच्या गटाने १९९६ साली दाखवलं की बोरेन कीटोनला नव्हे, सिलेनच्या हायड्राइडला (सिलिकॉनवरच्या हायड्रोजनला) हात घालतं. कीटोन वाढवलं की गती उलट मंदावते, कारण ते बोरॉनला धरून बसतं. मला ही यंत्रणा फार आवडते, म्हणूनच जीव अडकलाय. मग पाणीही तसंच धरून बसलंय का? शिवाय पाणी बांधलेलं बीसीएफ ॲसिटोनायट्राइलमध्ये जवळपास हायड्रोजन क्लोराइडइतकं आम्लधर्मी असतं. म्हणजे जे थोडं उत्पादन मिळतंय ते प्रोटॉनमुळे तर नाही? हे वेगळं कसं काढायचं?

प्रतिसाद: ताई, आधी फ्लोरीन एनएमआर (रेणूतल्या फ्लोरीन अणूंचे सिग्नल दाखवणारी चाचणी) घ्या, कोरड्या बेंझिन-डी६ (ड्युटेरियमवाल्या बेंझिन) मध्ये. मोकळ्या बोरेनचे पॅरा आणि मेटा (कड्यावरच्या दोन वेगळ्या जागांच्या फ्लोरीनचे) सिग्नल एकमेकांपासून साधारण १८ पीपीएम लांब असतात. बोरॉनवर पाणी बसलं की हे अंतर निम्म्याहून कमी होतं. बुडबुडे हायड्रोजनचे असणार, सिलेन पाण्यावर खर्च होतंय.

बीसीएफची पावडर वाळवायला क्लोरोडायमिथाइलसिलेनमध्ये वायू सुटणं थांबेपर्यंत ढवळा (हूडमध्येच, हायड्रोजन क्लोराइड निघतो), सगळं व्हॅक्यूमवर उडवा आणि मग सब्लिमेशन (घन तापवून थेट वाफ, वाफेतून पुन्हा घन) करा. थंड बोटावर (आतल्या गार नळीवर) पांढरे स्फटिक जमतील. टोल्युईन आणि कीटोनही कोरडं करा, नाहीतर सगळी मेहनत वाया.

प्रोटॉनसाठी २,६-डाय-टर्ट-ब्युटिलपिरिडीन थोडं घालून बघा. त्याच्या दोन्ही बाजूंचे गट इतके अवजड की बोरॉनपर्यंत पोचता येत नाही, प्रोटॉन मात्र पकडतं. त्याने रिअॅक्शन थांबली तर शंका खरी. साधं पिरिडीन घालू नका, ते बोरॉनलाच चिकटेल.

धागाकर्ती: खूप खूप आभार! फ्लोरीन आला: पॅरा-मेटा अंतर ८ पीपीएम. पाणीच. उद्या सब्लिमेशन लावते. त्या अवजड पिरिडीनच्या प्रयोगासाठी तीन फ्लास्क ओव्हनमध्ये ठेवलेत. आकडे इथेच टाकते.