सरावानंतर मुलाची टाच दुखते, खेळ बंद करावा का?

ईशानची आई
मुलगा १० वर्षांचा. आठवड्यातून ४ दिवस फुटबॉल, शिवाय शाळेत पीटी. पंधरा दिवस झाले, सराव संपला की टाच धरून बसतो, पायऱ्या उतरताना चवड्यांवर चालतो. सकाळी पहिली चार पावलं लंगडतो, मग नीट. पडला नाही, सूज नाही. नवीन शूज आल्यापासूनच सुरू झालंय असं वाटतं. तीन आठवड्यांनी सामने आहेत. पूर्ण बंद करू का?

पोटरी
वर्णनावरून सेव्हर्स, म्हणजे वाढत्या वयातलं टाचेचं दुखणं, वाटतं. पळणाऱ्या मुलांची टाच साधारण ८ ते १४ या वयात दुखते ती बहुतेकदा यामुळेच. नावापुढे 'डिसीज' लावतात म्हणून धास्ती घेऊ नका. टाचेच्या हाडाला मागे वाढीची कूर्चा असते आणि पोटरीची जाड शीर, म्हणजे अकिलीस, तिथेच येऊन चिकटते. उंची भराभर वाढते तेव्हा पोटरी मागे राहते, ताठरते. मग प्रत्येक धावेला वरून ओढ आणि खालून आपट, दोन्ही त्या कूर्चेवर.

घरी असं बघा: त्याला पालथं झोपवून गुडघ्यातून पाय वर दुमडा. टाचेचा मागचा भाग दोन्ही कडांनी तळहातांमध्ये धरून हळूहळू दाबा. 'हां, इथंच' म्हणाला तर शंका बरीच पक्की. मात्र रात्री झोपमोड करणारं दुखणं, लाली, सूज, ताप किंवा पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं असेल तर घरचे उपाय नकोत, थेट डॉक्टर.

खुंटी
शूजचा संबंध नक्की असू शकतो. फुटबॉल शूजच्या तळाच्या लांब खुंट्या (स्टड) मऊ गवतासाठी असतात. कडक जमिनीवर त्या रुतत नाहीत, मग सगळा भार टाचेखालच्या दोन-चार टोकांवर येतो. त्यात फुटबॉलच्या शूजना टाच अगदी सपाट, त्यामुळे पोटरी आणखी ताणली जाते. छोट्या रबरी खुंट्यांचे टर्फ शूज घ्या, तोवर सरावाला साधे रनिंग शूज चालतील.

आत ६ ते १० मिमीचा हील पॅड घाला. दोन्ही शूजमध्ये, एकच टाच दुखत असली तरी, नाहीतर पाय खालीवर होतात. मऊ स्पंज नको, आठवड्यात चपटा होतो. पॅडमुळे टाच वर येऊन शूज मागून निसटतो का, ते पळायला लावून बघा. घरात कडक फरशीवर अनवाणी फिरू देऊ नका.

ईशानची आई
दाबून पाहिलं, दोन्ही कडांनी दुखतं. खुंट्या लांबच आहेत आणि मैदान टणक. सामन्यांचं काय करू?

पोटरी
पहिला आठवडा धावणं-उड्या बंद, पीटीतल्याही. शाळेत चिठ्ठी द्या, नाहीतर एकीकडे वाचवलेलं दुसरीकडे जातं. सायकल, पोहणं चालेल. दुसऱ्या आठवड्यात पासिंग आणि उभ्यानं होणारा सराव, अर्धा वेळ. तिसऱ्यात एका पायावर १० उड्या न दुखता जमल्या तरच पळणं. खेळताना दुखणं दहापैकी तीनच्या आत आणि दुसऱ्या सकाळी गायब असेल तर चालू ठेवा. लंगडला की त्या दिवशी थांबा. हे टप्पे पार पडले तरच सामना, तोही अर्धा वेळ.

रोज पोटरीचा ताण: भिंतीला हात टेकून मागचा गुडघा सरळ, टाच जमिनीला, ३० सेकंद, ३ वेळा. मग तोच गुडघा किंचित वाकवून पुन्हा. हिसके देऊ नयेत. ताण पोटरीत जाणवला पाहिजे. टाचेतच दुखलं तर तो व्यायाम सध्या सोडा. खेळानंतर कापडात गुंडाळलेला बर्फ १० ते १५ मिनिटं.

खुंटी
सामन्याआधी वेदनाशामक गोळी देऊन उतरवू नका. दुखणं झाकलं की मूल मर्यादेपलीकडे पळतं. कोचना 'जरा दुखतंय' असं मोघम न सांगता 'आज फक्त २० मिनिटं, स्प्रिंट नाही' असं आकड्यात सांगा. संघातून वगळतील या भीतीनं मुलं 'नाही दुखत' म्हणतात, म्हणून विचारण्यापेक्षा पायांकडे बघा: टाच टेकते का, एका पायावर भार टाळतो का.

नंतरही आठवड्यातले खेळाचे एकूण तास वयाच्या आकड्याच्या आत ठेवा आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. ती कूर्चा हाडाशी एकजीव होईपर्यंत, साधारण १४-१५ व्या वर्षापर्यंत, उंची झपाट्यानं वाढली की दुखणं डोकं वर काढू शकतं. तेव्हा पॅड फेकू नका.