आयसीयूतून सुटल्यावर क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढणारा घटक) १.१. धोका टळला म्हणायचं का?

पाणवठा: पेशंट ६२ वर्षांचे, मधुमेह, बीपी. न्यूमोनियातून सेप्सिस (जंतुसंसर्गाने अवयव निकामी होऊ लागणं), १९ दिवस आयसीयू. आधीचं क्रिएटिनिन १.०, चढून ४.८, डायलिसिस तीनदा. वजन ७१ वरून ६२ किलो. डिस्चार्जला १.१, कार्डावर शेरा ‘किडनी पूर्ववत’. घरचे आयुष्याबद्दल विचारतात. फॉलोअप कसा ठेवावा?

निळाई: तो १.१ आकडा फसवा आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि इथे नऊ किलो वजन गेलंय, त्यात स्नायू बरेच. किडनी अर्धवट सुधारली असली तरी आकडा खाली दिसणारच. सिस्टॅटिन सी करा, तीही किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणीच. त्याच्यावर स्नायूंचा फारसा परिणाम होत नाही. मात्र स्टेरॉइड चालू असेल किंवा थायरॉइड बिघडलेला असेल तर तेही चुकतं. आणि डायलिसिस लागलं म्हणजे ही किडनीच्या अचानक झालेल्या दुखापतीची तिसरी, सर्वांत गंभीर पायरी. ‘पूर्ववत’ हा शेरा खोडायला हवा.

काठावरचा: क्रिएटिनिन, पोटॅशियम एक-दोन आठवड्यांत. खरा निकाल तिसऱ्या महिन्यात: सकाळच्या पहिल्या लघवीतलं ॲल्ब्युमिन (एक प्रोटीन)-क्रिएटिनिन गुणोत्तर. ३० मि.ग्रॅ. प्रतिग्रॅमच्या आत हवं. ३०० च्या वर असेल तर किडनीतज्ज्ञांकडे लगेच. क्रिएटिनिन छान असूनही लघवीतून प्रोटीन जात असेल तर किडनी पुढे ढासळते, आणि ही तपासणीच बहुतेकदा राहून जाते. ताप किंवा लघवीचा जंतुसंसर्ग असताना मात्र नमुना घेऊ नका.

पाणवठा: बीपीची गोळी टेल्मिसार्टन बंद आहे. कधी सुरू करू?

निळाई: बीपी आणि क्रिएटिनिन स्थिरावलं, पोटॅशियम आटोक्यात असलं की कमी डोसने. एक-दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासा. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत चढलं तर घाबरून गोळी थांबवू नका. घरच्यांना हेही सांगा की असे पेशंट पुढे किडनीपेक्षा हृदयविकाराने आणि जंतुसंसर्गाने जास्त दगावतात. म्हणून बीपी, साखर, स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी), फ्लू आणि न्यूमोकोकलची लस, हे सगळं आयुष्य वाढवण्याचंच काम आहे.

काठावरचा: गुडघेदुखीवर मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक डायक्लोफिनॅक कायमची बंद! ती किडनीत रक्त आणणारी नळी आवळते, टेल्मिसार्टन बाहेर नेणारी सैल करतं. गाळणीतला दाब दोन्हीकडून पडतो. वर लघवी वाढवणारी गोळी असेल तर किडनीला पुन्हा दुखापत. जुलाब-उलट्या झाल्या तर टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि साखरेची मेटफॉर्मिन थांबवायचं, खाणंपिणं २४ ते ४८ तास नीट झाल्यावरच पुन्हा सुरू. हे डिस्चार्ज कार्डावर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून द्या.