स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतर सहा वर्षांनी वजन पुन्हा वाढत आहे, सुरुवात कोठून करावी?

मृद्गंध, नाशिक

नमस्कार. ऑक्टोबर २०१९ मध्ये माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, म्हणजे जठराचा बराच भाग काढून उरलेल्याची अरुंद नळी करण्याची वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया, झाली. त्या वेळी माझे वजन ११८ किलो होते, मधुमेहाच्या दोन गोळ्या सुरू होत्या आणि शाळेचा जिना चढताना मध्येच थांबावे लागत असे. सव्वा वर्षात वजन ७४ किलोवर आले आणि गोळ्या बंद झाल्या. २०२२ पर्यंत ते ७५-७६ च्या आसपास टिकले, पण त्यानंतर वर्षाला तीन-चार किलोच्या हिशेबाने काटा वर सरकत गेला आणि आज तो ८८ किलो दाखवतो आहे.

माझ्या जेवणात मला चूक दिसत नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. एक फुलका, वाटीभर आमटी आणि थोडी भाजी यापलीकडे मला आजही जेवण जात नाही. एखादा घास जास्त झाला तर छातीत अडकल्यासारखे होते. तरीही वजन वाढते, याचा अर्थ जठर ताणले गेले असा होतो का? शस्त्रक्रिया केली त्या रुग्णालयात मी अडीच वर्षे गेलेली नाही, कारण वाढलेल्या वजनासह त्यांच्या काट्यावर उभे राहण्याचा धीर होत नाही. फोन केला तेव्हा कोणतीही तपासणी होण्याआधीच मला दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च सांगण्यात आला. त्यातच भाचीच्या साखरपुड्यात नात्यातल्या एका बाईंनी सर्वांदेखत "एवढे पैसे घालून काय उपयोग झाला?" असे विचारले, तेव्हापासून मी समारंभांना जाणेच टाळते आहे.

दुसरी शस्त्रक्रिया करावी, हल्ली मिळणारी वजन उतरवणारी इंजेक्शने घ्यावीत, की आधी आणखी काही करून पाहावे? या वाटेने गेलेल्यांनी कृपया सांगावे.

सिंहगडवाट, पुणे

ताई, माझी बायपास (हृदयाची नव्हे, जठराची: जठर छोटे करून ते थेट आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात) २०१४ मध्ये झाली. १३२ वरून मी ८४ किलोवर आलो आणि पाच वर्षांनी पुन्हा १०१ वर पोहोचलो होतो. जेवणात चूक दिसत नाही, हे वाक्य मीही तेव्हा असेच लिहिले असते आणि ते खोटे ठरले नसते, कारण माझे जेवण खरोखरच कमी होते. वजन वाढत होते ते जेवणाच्या बाहेर.

आहारतज्ज्ञ बाईंनी मला चौदा दिवस वही लिहायला सांगितली. तोंडात जे जाईल ते, चमचाभर असले तरी, वेळेसह आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजून लिहायचे होते. चौथ्या दिवसाचे पान मला आजही आठवते. दुपारी अर्धी भाकरी आणि मटकीची उसळ खाताना पोट गच्च होऊन मी ताट सरकवले होते आणि त्याच संध्याकाळी कामावरून आल्यावर चहात बुडवून चार खारी सलग खाल्ल्या होत्या. भाकरी-उसळ छोट्या जठरात थांबते आणि "पुरे" म्हणायला लावते, तर चहात भिजलेल्या खारीचा लगदा होऊन ती थांबल्याशिवाय पुढे निघून जाते. शेव, चिवडा, बिस्किटे, आइस्क्रीम, गोड लस्सी या सगळ्यांचे तसेच आहे. शस्त्रक्रियेने जो अडसर बसवलेला असतो, तो या पदार्थांना अडवत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात बायपास केलेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरले होते आणि दहा वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर आली होती. त्यात स्लीव्हचे रुग्ण नव्हते, पण तुम्ही ११८ वरून ८८ वर आहात, म्हणजे आजही २५ टक्के खाली आहात. साखरपुड्यातल्या त्या बाईंना हे सांगायची गरज नाही, पण तुम्हाला स्वतःला ते ठाऊक असायला हवे.

आहारतज्ज्ञ, सांगली

वरील उत्तराशी मी सहमत आहे, मात्र हिशेबाची दुसरी बाजूही पाहावी. आपण ४४ किलो उतरवले होते आणि त्यांपैकी १४ किलो परत आले आहेत, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश. हे नेहमीचे चढ-उतार म्हणून सोडून देण्यासारखे नाही.

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढला जातो आणि घ्रेलिन हे भुकेचे संप्रेरक मुख्यतः ज्या भागात तयार होते, तो भागही त्यात जातो. म्हणून पहिले वर्ष-दीड वर्ष भूक जाणवत नाही. पुढे शरीर हरवलेले वजन परत मिळवण्याच्या खटपटीला लागते: भूक परतते, आणि घटलेल्या वजनाचे शरीर विश्रांतीतही पूर्वीपेक्षा कमी ऊर्जा खर्च करते. यात रुग्णाच्या निश्चयाचा दोष शोधणे मला अन्यायाचे वाटते. उरलेले जठर कालांतराने थोडे सैलावतेही. पण घट्ट अन्न आपल्याला अजून अडते, त्यामुळे केवळ जठर ताणल्यामुळे वजन वाढले असे मी तपासणीवाचून म्हणणार नाही. छातीत अडकणे मात्र अंगावर काढू नका. ते आम्लपित्तामुळे किंवा जठराची नळी एखाद्या ठिकाणी अरुंद झाल्यामुळेही होऊ शकते, म्हणून एंडोस्कोपी आणि गरज पडल्यास बेरियमचा एक्स-रे करून घ्यावा.

आपल्या ताटाबद्दल मला वेगळीच काळजी वाटते. फुलक्यात साधारण तीन ग्रॅम प्रथिने, पातळ आमटीच्या वाटीत तीन-चार ग्रॅम, भाजीत नाममात्र. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने लागतात आणि अशा दोन जेवणांत ती वीससुद्धा होत नाहीत. मग स्नायू घटतात, भूक दोन तासांत परत येते आणि हात डब्याकडे जातो. ताटात पहिला घास अंडे, पनीर, मासे, चिकन किंवा घट्ट उसळीचा असावा आणि फुलका शेवटी, जागा उरली तर. अंड्यात सहा ग्रॅम आणि शंभर ग्रॅम पनीरमध्ये सुमारे अठरा ग्रॅम प्रथिने असतात. जेवताना आणि नंतर अर्धा तास पाणी पिऊ नये. आपण उपवास करता का, हेही कळवा, कारण साबुदाण्याच्या खिचडीवर काढलेल्या दिवसात प्रथिने जवळजवळ नसतात. थायरॉइड तपासून घ्या आणि स्टेरॉइड किंवा नैराश्यावरची एखादी गोळी सुरू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यांपैकी काहींनी वजन वाढते.

अबोली, ठाणे

माझ्या स्लीव्हचे २०२३ मध्ये बायपासमध्ये रूपांतर केले. त्याचे मुख्य कारण तीव्र आम्लपित्त होते. रात्री घशाशी येऊन जाग येत असे. तो त्रास गेला, पण वजन नऊ किलोच उतरले. दुसऱ्या शस्त्रक्रियेत गुंतागुंतीची शक्यता पहिल्यापेक्षा जास्त असते आणि वजन बहुधा पहिल्याइतके उतरत नाही, हे मला शल्यचिकित्सकांनी आधीच स्पष्ट सांगितले होते. जिथे तपासणीआधी खर्च सांगतात, तिथे निर्णय घेऊ नका; दुसरे मत घ्या. विम्याच्या नियमात अशा शस्त्रक्रियेसाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ४० किंवा गंभीर सहव्याधींसह ३५ असावा लागतो, तेव्हा आपल्या कंपनीचे म्हणणे आधी लेखी मागवा.

इंजेक्शनांबद्दल सांगायचे तर मौन्जारो आणि वेगोव्ही २०२५ पासून आपल्याकडे मिळतात आणि शस्त्रक्रियेनंतर परतलेल्या वजनासाठीही डॉक्टर ती वापरतात. पण ती बंद केली की वजन बहुधा परत येते आणि मळमळीमुळे आधीच कमी असलेले खाणे आणखी घटते. स्वादुपिंडाचा दाह होऊन गेला असेल किंवा घरात थायरॉइडच्या कर्करोगाचा इतिहास असेल, तर ते आवर्जून सांगा.

हिंगणे, जळगाव

पत्नीच्या वतीने लिहितो. वजन वाढल्याच्या संकोचाने तिनेही शस्त्रक्रियेनंतरची तपासणी तीन वर्षे टाळली आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्याही सोडल्या. पायांना मुंग्या येऊ लागल्या, रात्री उठताना तोल जाऊ लागला, तेव्हा रक्त तपासले तर बी-१२ अगदी तळाला गेले होते. अंगावर चरबी वाढत असताना आतून शरीर उपाशी असू शकते, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. आता बी-१२ची इंजेक्शने चालू आहेत, पण डाव्या पायाचा बधिरपणा पूर्ण गेलेला नाही. ताई, वजनाचे पुढे बघता येईल, आधी रक्त तपासून या.

मृद्गंध, नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. बारा दिवस वही लिहिली. शाळेत दुपारी साडेचारच्या चहाबरोबर दोन टोस्ट, घरी आल्यावर मुलाच्या डब्यात उरलेले, रात्री टीव्हीसमोर मूठभर फरसाण: हे मी कधी खाणे म्हणून मोजलेच नव्हते. दर गुरुवारी उपवासही असतो आणि त्या दिवशी दोन वेळा खिचडी होते.

मंगळवारी दुसऱ्या रुग्णालयात जाऊन आले. काट्याचा आकडा मला दिसणार नाही अशा बेताने तिथल्या परिचारिकेने मला उभे केले आणि बघायचा आहे का, असे आधी विचारले. मी पाहिला. बी-१२ आणि लोह दोन्ही कमी निघाले आहेत, एंडोस्कोपी पुढच्या आठवड्यात आहे आणि शस्त्रक्रियेचा विषय डॉक्टरांनी तोपर्यंत बाजूला ठेवला आहे. सांगलीच्या ताईंना एकच विचारते: गुरुवार सोडायचा नाही, तर त्या दिवशी काय खावे?

आहारतज्ज्ञ, सांगली

गुरुवार सोडू नका, खिचडी सोडा. सकाळी वाटीभर घट्ट दही, दुपारी तव्यावर परतलेले शंभर ग्रॅम पनीर, राजगिऱ्याची छोटी भाकरी आणि काकडी, चारच्या सुमारास मूठभर उकडलेले शेंगदाणे, रात्री पुन्हा पनीर आणि कपभर बिनसाखरेचे दूध. दूध सोसत नसेल तर दह्यावरच राहा. लोहाची गोळी दूध-दह्याबरोबर घेऊ नका आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास दूर ठेवा.